पूल दिल्हा, होड्या नेल्या, त्याची हकीकत

श्रीयंत्रदेवता प्रसन्न. वीज अखंड असावी, इंटरनेट मध्येच तुटू नये, आणि लिहिता लिहिता अपडेट येऊन लिहिलेले पुसू नये, इतके मागोन लेखणी धरिली. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, कार्तिक मास. ते समयी जी थोरली अपडेट राज्यावर कोसळली तिची हकीकत जैसी घडली तैसी लिहितों. लिहिणारा त्याच राज्याची रयत. नाव सांगत नाही, कारण नाव सांगोन तक्रार केली कीं कचेरी खाते बंद करिते, हा अनुभव पुष्कळांस आहे.

राज्य म्हणजे खेळ, मोबाइलवर खेळावयाचा. दूरदूरच्या लोकांनी एके मैदानी जमावे, लढावे, हाट भरवावा, किल्ले बांधावे, ऐसा. मोठ्या दिमाखाने उघडला आणि उघडल्या दिवशीच मोडला. शिपाई भिंतीत अडकोन राहिले, आणि घोडे आभाळात चरू लागले, आणि कोणी घर बांधिले तर सकाळी ते शेजाऱ्याचे अंगणी उभे. परंतु सर्वांत वाईट तो पूल. राज्याचे मधोमध नदी. अलीकडे नव्या रयतेचे गाव, पलीकडे हाट, किल्ले आणि सर्व पराक्रम. नदीवर दगडी पूल, दिसावयास उत्तम, मात्र मधल्या कमानीवर पाय ठेविला कीं मनुष्य दगडातून आरपार खाली जाई, आणि ढाल-तलवार गमावोन पुन्हा अलीकडच्या गावी उघडाबोडका उभा राही. रयतेने अर्ज केले, आणि पुन्हा केले, आणि करून करून थकली, आणि कचेरीने, म्हणजे खेळ चालविणाऱ्या कंपनीने, दर अर्जास एकच उत्तर दिल्हे कीं दखल घेतली आहे.

मग रयतेनेच तोड काढिली. नदीत मासे धरावयाच्या लहान होड्या होत्या, त्यात एक वल्हविणार आणि एक बसणार इतकेच मावत. होडी फार मंद, पलीकडे लागेतों चहा करून पिऊन व्हावा, परंतु बुडत नसे. तेव्हा रीत पडली कीं जुन्याने नव्यास पार न्यावे, आणि कानास हेडफोन लावोन वाटेत दोघांनी आपले गाव आणि हालहवाल सांगावे, कारण बसल्या बसल्या दुसरे करणार काय. कित्येक दोस्त्या त्या होड्यांत जाहल्या, आणि एक सोयरीकही जमली, तिचे लाडू लिहिणारानेही खाल्ले.

त्या घाटावर नित्य होडी घेऊन असणारी बाई जयवंती तांडेल, वेंगुर्ल्याकडील. तिला लढाई नको, किल्ला नको. खेळात आली ती लेकापायी. लेक सिद्धेश मालवाहू जहाजावर चाकरीस, महिनोन् महिने समुद्रावर, आणि बंदर लागले कीं घरी फोन करी, आणि फोनवर गप्प. मग आईस भेटावयास खेळात येई. हे वर्तमान बाईने एकदा रणगाजीस पार नेताना सांगितले. रणगाजी म्हणजे कागलकडील मोठा सरदार, आणि त्याहून मोठ्या आवाजाचा. बाई बोलिली, "झील फोनार 'होय', 'नाय' इतक्याच बोलता. जेवलंस? होय. बरो आसस? होय. संपला. पण ह्या होडयेत बसलो काय बोलता रे! पाण्याकडे बघत बघत सगळा सांगता. कोण त्रास देता, कोणाची याद येता, सगळा."

ऐसे असता कार्तिकात कचेरीने दवंडी पिटविली कीं थोरली अपडेट येते, रयतेचे सर्व गाऱ्हाणे ऐकिले आहे, राज्य नवे होणार. रयत बहुत हर्षली. अपडेट इतकी अवजड कीं लोकांनी लग्नामुंजींचे फोटो पुसोन मोबाइलात जागा केली, आणि दिवसभर डाउनलोड करीत बसले, आणि उघडोन पाहतात तो पूल नवा, दिव्यांनी लखलखता, आणि पाय ठेविताच पापणी लवते न लवते तों मनुष्य पलीकडे! धन्य धन्य जाहले. मग कोणी खाली पाहिले, तो नदीत एकही होडी नाही. कचेरीने बारीक अक्षरात लिहिले होते कीं पूल दुरुस्त झाल्याने होड्यांची गरज उरली नाही. आणि शिपाई तसेच भिंतीत होते, आणि घोडे तसेच आभाळात चरत होते. म्हणजे जे मोडके ते सुखरूप ठेविले, आणि जे रयतेने आपल्या हिकमतीने चालविले तेवढे नेमके मोडिले. काय म्हणावे या अकलेस!

चावडीवर, म्हणजे जेथे रयत आपले म्हणणे लिहिते तेथे, आग भडकली. कचेरीचा चिटणीस सदा हसतमुख, तो लिहिता जाहला, "आपल्या भावना आमच्यापर्यंत पोहोचल्या आहेत. पूल ही आपलीच मागणी होती." यावर रणगाजी कडाडले, "आरं, पूल मागितला हुता, होड्या न्यायला कुणी सांगितलं? पाहुण्यानं पाणी मागितलं म्हणून त्याच्या हातातला च्या काढून घेतोस व्हय रं?" मग जयवंतीबाईने लिहिले, आणि तिणे शिवी दिल्ही नाही, इतकेच लिहिले, "माका फक्त एक होडी ठेवा. पूल तुमचो ऱ्हवांदे. माझ्या झिलाचा जहाज आता बंदराक लागतला." चिटणिसाने उत्तर दिल्हे, "सूचनेबद्दल आभार! नव्या पुलाचा आनंद घ्या."

आणि जहाज बंदरास लागले, आणि सिद्धेश खेळात आला, आणि होडी नाही म्हणोन पुलावर पाय ठेविला, आणि पलीकडे हाटाचे गर्दीत आईसमोर उभा राहिला. "पोचलो," म्हणाला. "बरो आसस?" "होय." भोवती भाजीवाले ओरडत होते, आणि तलवारी घासल्या जात होत्या. थोडा वेळ उभा राहोन लेक निघोन गेला. बाई तेथेच राहिली. जे ते समयी हाटात होते त्यांनी हे डोळ्यांनी पाहिले, आणि तेथून रयतेचा राग निराळा जाहला.

मग सर्वांनी लढाया थांबविल्या, आणि हाट बंद केला, आणि जेथे होड्या असत तेथे गळ्याइतक्या पाण्यात जाऊन उभे राहिले. शत्रू शत्रूशेजारी उभा राहिला. हजारो माणूस, नदी दिसेना. आणि कचेरीने काय करावे? कचेरीने दवंडी पिटविली कीं अपडेटचे अपूर्व स्वागत, राज्यात आजवर इतकी गर्दी कधीच जाहली नव्हती, रयतेचे शतशः आभार! हे वाचोन रणगाजी पाण्यातच खाली बसले. "ह्यास्नी शिव्या बी टाळ्या वाटत्यात," म्हणाले. तेव्हा रयत समजली कीं येथे ओरडणे म्हणजे यांचीच शोभा वाढविणे, आणि एकेक करून सर्व निघोन गेले, आणि राज्य ओस पडले. आता मात्र कचेरी घाबरली, आणि होड्या परत दिल्ह्या.

रयत धावत आली, आणि पाहते तो होड्या नव्या, तांबड्या, रंगविलेल्या. आणि वल्हे मारिले कीं पुलाइतक्याच झपाट्याने पलीकडे. चिटणिसाने लिहिले होते, "आपण मागितल्या त्या होड्या, आता अधिक जलद!" लोक डोके धरोन बसले. ज्यांनी ऐकिलेच नाही त्यांस पुन्हा काय सांगावे?

तों पुढले बंदर आले आणि सिद्धेश आला. आईने होडीत बसविले, वल्हे मारिले, आणि होडी पलीकडे. "पोचलो पण?" लेक म्हणाला. "होय रे," आई म्हणाली. मग लेक, ज्याने कधी आपणहोन काही मागितले नाही, तो बोलिला, "आये, परत अलीकडे सोड." तिणे सोडिले. निघता निघता तो म्हणाला, "ह्या खेपेक घराची खूप याद इली," आणि काठ लागला. "परत सोड." पुन्हा निघाले, "कप्तान बरो नाय," आणि काठ लागला. "परत सोड, आये." ऐसे ते दोघे एकेक वाक्य घेऊन नदी ओलांडीत राहिले. घाटावर मोठी रांग लागली होती, परंतु कोणी घाई केली नाही.

दुसरे दिवशी कचेरीने जाहीर केले कीं जलद होडीस अपूर्व प्रतिसाद आहे, वेंगुर्ल्याच्या एकाच खात्याने एके बैठकीत इतक्या खेपा केल्या कीं विक्रम जाहला, सबब पुढील अपडेटीत होडी आणखी जलद करू.

एवंच, पूल जाहला, होड्या जाहल्या, विक्रम जाहला, आणि आईलेकास चार गोष्टी बोलावयास अगणित वेळा नदी ओलांडावी लागली. लिहिणाराचा संताप अजोन उतरला नाही. इति.