एक लोखंड आत, एक बाहेर

हेडक्लार्क त्या दिवशी फक्त बघायला गेले होते. एक जुनं वर्कशॉप बंद होतंय आणि तिथली ऐरण निघणार आहे, असं त्यांच्या कानावर आलं होतं. बघायला काय हरकत आहे? बघितल्यानं काही ऐरण घरी येत नाही.

ती आली. टेम्पोत बसून आली, आणि तिच्या शेजारी हेडक्लार्क असे बसले होते, जसा काही बाप लेकीला सासरहून घेऊन येतोय.

त्यांना लोहारकामाचा छंद होता. ऑफिसात दिवसभर फायलींना टाचण्या लावणारा हा माणूस सुट्टीच्या दिवशी मागच्या अंगणात भट्टी पेटवायचा. भाता नव्हता, म्हणून बायकोचा केस वाळवायचा ड्रायर वारा घालायला घेतला होता. (ड्रायरनं तक्रार केली नाही. बायकोनं केली.) हातून अजून धड काही घडलेलं नव्हतं. चिमटा करायला घेतला की त्याचं उलथनं व्हायचं, आणि उलथनं करायला घेतलं की भट्टी विझायची. पण जुनी अवजारं जमवण्यात मात्र त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. घण, हातोडे, सांडश्या, लहानमोठ्या ऐरणी यांनी अंगणातली खोली इतकी भरली होती, की झाडूला आत शिरायला वाव नव्हता.

शेवटी बायकोनं नियम केला होता. एक लोखंड आत आलं, की एक लोखंड बाहेर गेलं पाहिजे. हेडक्लार्कांनी तो मान्यही केला होता, कारण तेव्हा त्यांच्या तोंडात घास होता.

आता ही नवी ऐरण आत आली, म्हणजे खोलीतली एक बाहेर जाणार! बायको बाजारात गेली होती. टेम्पोवाला आणि त्याचे सोबती ऐरण तिच्या लाकडी ओंडक्यासकट उचलून उभे होते आणि त्यांचे चेहरे लालबुंद झाले होते.

"साहेब, कुठं ठेवू? लवकर सांगा, नाहीतर पायावर ठेवतो!"

हेडक्लार्कांनी घाबरून समोर बोट दाखवलं. समोर दिवाणखाना होता.

ते लोक गेल्यावर त्यांनी ऐरणीवर जुनी चादर गुंडाळली, वर उशी ठेवली आणि सगळ्यावर जमिनीपर्यंत लोळणारा नक्षीदार टेबलक्लॉथ घातला. ऐरणीचं पुढचं निमुळतं टोक तेवढं गायीच्या तोंडासारखं बाहेर येत होतं. तिथं त्यांनी फुलदाणी उभी करून बघितली. ती पडली. मग तो भाग भिंतीकडे फिरवावा म्हणून जोर लावला, तर कमरेतून कट्कन आवाज आला आणि टोक होतं तिथंच राहिलं.

बायको आली. तिनं पिशवी खाली ठेवली.

"हे काय?"

"स्टूल."

"आणि याला नाक का आहे?"

"डिझाइन आहे. हल्ली असंच निघतं."

बायकोनं स्टुलाकडे बघितलं, मग हेडक्लार्कांकडे बघितलं. "बरं झालं," ती म्हणाली, "एवढ्या वर्षांत घरात उपयोगाची एक वस्तू आणलीत."

आणि तिनं त्यावर टेलिफोन ठेवला. हेडक्लार्क मनातल्या मनात इतके खूश झाले, की दोन दिवसांनी तिचा खांदा भरून आला, तेव्हा त्यांनी न सांगता मलम चोळून दिलं. कशानं दुखतोय हे मात्र विचारलं नाही. विचारायला गेलं की बोलणं वाढतं, आणि बोलणं वाढलं की स्टुलापर्यंत येतं.

काही दिवसांनी बायकोची मोठी बहीण आणि साडू चहाला आले. साडू एक पाय उचलून उचलून टाकत होते.

"काय झालं, साडूबुवा?"

"काही नाही हो. ठेच लागली. रोज लागते."

"त्यांना खाली बघून चालायला नको," ताई म्हणाल्या. "पण आमच्या मागच्या दाराला टेकू मात्र फार छान मिळालाय हं! आता कितीही वारा येऊ दे, दार हलत नाही."

हेडक्लार्कांचं तिकडे लक्ष नव्हतं. ताई सरकत सरकत स्टुलापाशी पोचल्या होत्या.

"अगं, किती गोड आहे हे! आमच्या कोपऱ्यात अगदी शोभेल."

"मग घेऊन जा ना, ताई," बायको म्हणाली. "हे ठेवतील गाडीत."

हेडक्लार्कांच्या हातातला चहा बशीत आणि बशीतला मांडीवर आला. "अगं, पण... टेलिफोन?"

"टेलिफोन मी धरते. तुम्ही स्टूल धरा."

"त्याला वाळवी लागली आहे!"

"नव्या स्टुलाला?"

"बसा तुम्ही, साडूभाऊ," साडू उठले. "एका हाताचं काम आहे." त्यांनी एका हातानं उचललं. मग दोन्ही हातांनी. मग डोळे मिटून, दात खाऊन सगळा जीव एकवटून ओढलं, आणि टेबलक्लॉथ, चादर, उशी यांच्यासकट ते मागे सोफ्यावर जाऊन बसले.

दिवाणखान्याच्या मधोमध ऐरण उघडी पडली.

"नाक छान आहे," बायको म्हणाली.

हेडक्लार्कांनी मान खाली घातली. पण समोर ती काळीभोर ऐरण बघून त्यांना राहवेना. त्यांनी खिशातली छोटी हातोडी काढली (ती नेहमी असायचीच) आणि हळूच मारली. ठण्ण! आवाज घरभर फिरला.

"ऐकलंत? प्रत्येकीचा आवाज वेगळा असतो. माझी एकेक ऐरण मी डोळे मिटून ओळखतो. लेकीच आहेत त्या माझ्या. अगं, नियम मला ठाऊक आहे, पण तूच सांग, यातली कुठली घालवू? एक जरी गेली ना, तरी मला घास गोड लागणार नाही."

"काल तर दोनदा भात घेतलात," बायको म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे एक केव्हाच गेली. हे स्टूल आलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मीच पिशवीत घालून नेली. नियम म्हणजे नियम. खांदा कशानं भरला वाटलं तुम्हाला?"

हेडक्लार्क हसले. "शक्यच नाही. मला कळलं असतं."

ते ताडताड अंगणातल्या खोलीत गेले. आतून बराच वेळ ठण्, ठण्ण, ठण असे आवाज येत राहिले. मग ते थांबले. मग पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. इकडे बाकीच्यांचा दुसरा चहा झाला.

हेडक्लार्क परत आले, ते दारातच उभे राहिले. हातोडी त्यांनी खिशात घातली होती.

"अगं," ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "कुठली गं नेलीस?"

बायको काही बोलायच्या आत साडूंनी दुखरा पाय समोरच्या टेबलावर ठेवला आणि अलगद मोजा काढला.

"मला विचारा, साडूभाऊ," ते म्हणाले. "तुम्ही आवाजावरून ओळखता ना? मी अंगठ्यावरून ओळखतो."