नवरदेवाची सावली

विज्ञानाची बातमी कशी वाचावी, हे या औसा तालुक्यात माझ्याइतके दुसऱ्या कोणाला कळत असेल, असे मला प्रामाणिकपणे वाटत नाही! लातूरच्या तंत्रनिकेतनातून मी स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका घेतली, सारी हयात पाटबंधारे खात्यात कालव्यांच्या रेषा आखण्यात घालवली, आणि निवृत्तीनंतर रोज सकाळी वर्तमानपत्र शेवटच्या पानाकडून उघडतो. पहिल्या पानावर पुढारी असतात. सूर्य, अणू, बॅटऱ्या आणि उपग्रह आतल्या एखाद्या कोपऱ्यात अंग चोरून बसलेले असतात. त्यांना मी शोधून काढतो, त्यांच्याखाली पट्टीने सरळ रेघ ओढतो आणि घरच्या मंडळींना समजावून सांगतो.

"कोळसा म्हणजे काय? कोट्यवधी वर्षांपूर्वीचे, जमिनीत गाडलेले ऊन! आजवर माणूस शिळे ऊन खात आला, आता छपरावर सौरपत्रे लावून ताजे खाऊ लागला!" असे मी माझ्या धाकट्या बहिणीला, सत्यशीलेला, एकदा सांगितले. "आणि ताजे तरी किती? साऱ्या जगाला वर्षभर पुरेल एवढी ऊर्जा सूर्य तास-दीड तासात पृथ्वीवर ओततो!"

"ओतू दे की दादा," ती म्हणाली. "तेवढ्यात वरी जाऊन कुरडया वाळल्या का बघून ये."

अशा वातावरणात मी विज्ञानाचा दिवा तेवत ठेवला आहे!

गेल्या मे महिन्यात सत्यशीलेच्या एकुलत्या एका मुलाचे, दयानंदचे लग्न ठरले. दयानंद नांदेडला मोटारींच्या शोरूममध्ये नोकरीला. मुलगी चाकूरजवळची, नाव उज्वला. तिची आई लहानपणीच वारली. वडील शेषेराव शेतीत बुडालेले, म्हणून तिला वाढवले ते आत्या गुणाबाईंनी. या आत्याबाईंचे सासर निलंग्याच्या पलीकडे, कर्नाटकाच्या शिवेवर. त्यांच्या होकाराशिवाय शेषेराव बैलसुद्धा बदलत नाहीत, असे आम्हाला आधीच सांगण्यात आले होते.

लग्न मुलीकडे, चाकुरातच ठरले. तारीख पाहिली आणि मी खुर्चीतून उठून उभा राहिलो! त्याच दिवशी चाकुरात शून्य सावलीचा दिवस होता!

वाचकहो, ही गोष्ट इतकी भव्य आहे की ती सांगताना आजही माझा आवाज चढतो. सूर्य रोज दुपारी डोक्यावर येतो असे आपण म्हणतो, पण ते खरे नसते. तो थोडा उत्तरेला किंवा थोडा दक्षिणेला असतो. वर्षातून फक्त दोनदा तो ओळंब्याच्या दोरीसारखा नेमका माथ्यावर येतो, आणि उभ्या वस्तूची सावली तिच्याच पायाखाली नाहीशी होते. तोही प्रत्येक गावाला निराळ्या दिवशी! औशात तो आदल्या दिवशी हळदीच्या धामधुमीत येऊन गेला, आणि दुसऱ्या दिवशी चाकुरात येणार होता. एवढा प्रचंड सूर्य गावोगाव असा क्रमाने हजेरी लावतो! मुहूर्त बारा पस्तीसचा, आणि सावली जाणार बारा वाजून एकोणीस मिनिटांनी. आकाशाने आमच्या लग्नपत्रिकेला दिलेला हा आहेर होता!

मी योजना आखली. लग्नाआधी नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला जातो. मंगल कार्यालयासमोरच मारुतीचे देऊळ, आणि मध्ये झाड नसलेले विस्तीर्ण मैदान. दर्शन झाले की नवरदेवाने मैदानाच्या मध्यभागी उभे राहायचे. सारे वऱ्हाड तो चमत्कार पाहील. आयुष्यभर आठवण ठेवील!

"मामा, बेचाळीस डिग्री हाय," दयानंद म्हणाला. "ह्या शेरवानीत माझाच मुरंबा व्हायलालाय!"

"विज्ञानासाठी लोक अंतराळात जातात, तुला मैदानात जायला काय झाले?"

फोटोग्राफर रविकिरण ड्रोन घेऊन आला होता. ड्रोनचे चित्र कार्यालयातल्या मोठ्या पडद्यावर तिथल्या तिथे दिसण्याची सोय होती. मी त्याला बाजूला घेऊन सांगितले, "बाबा, ड्रोन बरोबर नवरदेवाच्या डोक्यावर स्थिर ठेव. खगोलशास्त्राच्या दृष्टीने तोच सर्वोत्तम कोन!"

"तुमी म्हणाल तसं, मामासाहेब," तो म्हणाला. पुढे जे झाले त्यात त्या मुलाचा तिळमात्र दोष नाही.

वेळ झाली. डीजे थांबवला. नवरदेव मैदानाच्या मध्यभागी घाम गाळत उभा. मी ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि पृथ्वीचा अक्ष, कर्कवृत्त, सूर्याची उत्तरेकडची वाटचाल असे मुद्देसूद भाषण सुरू केले. वायर ढिली होती. आवाज जाई, येई, पुन्हा जाई. परिणामी माझ्या काळजीपूर्वक बांधलेल्या भाषणातले एकच वाक्य कार्यालयातल्या कर्ण्यापर्यंत स्पष्ट पोचले. ते असे:

"आता थोड्याच वेळात नवरदेवाची सावली कायमची त्याला सोडून गेल्यासारखी वाटेल!"

आत बायकांनी पडद्याकडे पाहिले. पडद्यावर वरून टिपलेला दयानंद होता, त्याचा गुलाबी फेटा होता, आणि सावली नव्हती! कशी असणार? ड्रोन नेमका सूर्याच्या रेषेत! इथवर एकवेळ निभावले असते. पण त्याच नियमाने खुद्द ड्रोनची सावली सरळ खाली पडली होती, आणि ती नेमकी नवरदेवाच्या फेट्यावर! चार पाय फाकून बसलेले, काळे, किंचित थरथरणारे काहीतरी!

"अय्यय्यो!" ही गुणाबाईंची किंकाळी मैदानात माझ्यापर्यंत आली, आणि तिला वायरीची गरज लागली नाही.

शेषेराव धावतच आले. धोतराचा सोगा हातात, चेहरा पांढराफटक. "इंजिनेर सायेब, घात झाला! आक्कानं पोरीला खोलीत घालून बाहेरून कडी लावली. म्हणालीय, सावली नसलेल्या पोराला पोरगी देत न्हाई!"

"शेषेराव, हा शुद्ध भूमितीचा प्रश्न आहे."

"असंल! पर मुहूर्त निघून गेला तर तिकडं चारशे पान उठायचं हाय, आन् पोरीचं नाव गावभर व्हायचं हाय! तुमीच काडी लावलीव, आता तुमीच इझवा!"

मी कार्यालयात धावलो. वधूच्या खोलीच्या दाराशी गुणाबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. अवतीभवती दहा-बारा बायका, आणि हवा अशी की जणू आत मयत आहे.

"आत्याबाई," मी शांतपणे म्हणालो, "सावली आहे. फक्त आत्ता दिसत नाही."

"कुठं गेली?"

"पायाखाली."

"कामून?"

"सूर्य बरोबर माथ्यावर आला म्हणून."

"सूर्य रोजच येतोय की! आन् डोस्क्यावर ते काळं काय बसलंय?"

"तो ड्रोन आहे. म्हणजे उडणारे यंत्र. त्याची सावली."

"बघा गं बायांनो!" गुणाबाई कडाडल्या. "यंत्राला सावली हाय आन् पोराला न्हाई! त्यानंच खाल्ली असंल!"

तर्क म्हणून पाहिले तर तो अगदीच टाकाऊ नव्हता. मी प्रयोगाचा मार्ग धरला. तिथला एक स्टीलचा पेला उपडा ठेवला, मोबाइलचा दिवा लावला आणि आडवा धरला. पेल्याची लांब सावली पडली. मग दिवा हळूहळू बरोबर वर आणला. सावली आखडत आखडत पेल्याखाली गडप! मी विजयी मुद्रेने वर पाहिले.

सगळ्या बायका दोन पावले मागे सरकल्या होत्या.

"पेल्याची बी घालवली ह्यानं!" एक बाई पुटपुटली.

"पाव्हणं," गुणाबाईंचा आवाज एकदम खाली आला. "ही पोर पाळण्यात असताना तिची माय गेली. म्या माझा संसार टाकून हितं ऱ्हायले. तिला ताप आला तर म्या जागले, तिला ठेच लागली तर म्या रडले. तुमी शिकल्यालं मानसं. पर म्या डोळ्यानं बघितलं ते खोटं म्हणू का? त्या लेकराची सावली दाखवा. आत्ता. मग कडी काढते."

आता मात्र मी खरोखर अडकलो! सावली आत्ता दाखवता येत नव्हती, आणि आत्ता दाखवता येत नाही यातच तर सगळी मौज होती! घड्याळ पुढे सरकत होते. मैदानात माझी बहीण डोळ्याला पदर लावून उभी असेल हे मला दिसत होते. घाईघाईत मी, एका पदविकाधारकाने कधीही बोलू नये ते, विचार न करता बोलून गेलो:

"आत्याबाई, एकट्या दयानंदची काय घेऊन बसलात! आत्ता तुमचीसुद्धा सावली पडत नाही!"

बायका एकमेकींच्या पायांकडे पाहू लागल्या.

"माझी?" गुणाबाई छातीवर हात ठेवून उठल्या. "माझी बी गेली?"

"बाहेर जाऊन बघा!"

त्या दोन पावले गेल्या आणि परत फिरल्या. कडी काढून त्यांनी दार जरासे उघडले, पोरगी जागेवर आहे ना ते पाहिले, आणि घाईत कडी पुन्हा लावायची राहिली. "पाव्हणं, बसा ह्या खुर्चीवर. आत पोरगी हाय, पोरीचा दागिना हाय. म्या येईस्तोवर हलायचं न्हाई. हाललाव तर बघा!"

लग्नघरात दागिन्याची खोली राखणे ही किती पवित्र जबाबदारी असते, हे मी तुम्हाला सांगायला नको. मी बसलो. बायका धावत बाहेर गेल्या. त्यांच्यामागे पाव्हणे, वाढपी आणि तळणीत जिलेबी तशीच सोडून आचारीही!

घड्याळात बारा वाजून एकोणीस मिनिटे झाली.

आणि बाहेर शांतता पसरली. मराठवाड्यातल्या लग्नात कधी शांतता ऐकली आहे का तुम्ही? चारशे माणसे, एक घोडा, एक बँड, आणि आवाज नाही! पोरे रडायची थांबली. कोणी तरी खूप हळू म्हणाले, "आगं माय..." बस्स, तेवढेच. मी आयुष्यात नद्यांचे पूर पाहिले, पाणी सोडताना धरणांचे दरवाजे थरथरताना पाहिले. पण चारशे माणसे एकाच वेळी आपापल्या पायांकडे पाहून गप्प होतात, तो क्षण मला या सर्वांहून मोठा वाटला.

दार करकरले. नऊवारी शालू, मुंडावळ्या, आणि हातात दागिन्यांचा डबा! उज्वला!

"मामा, मला बी बघायचंय. मी बी.एस्सी. हाय, आत्यानं कडी लावली म्हणून काय झालं! हे धरा." डबा माझ्या मांडीवर ठेवून ती धावली.

"अगं थांब, मीही..." पण डबा! वरपक्षाच्या मामाने वधूचे सोने घेऊन मैदानातून पळत जाणे कसे दिसले असते, याचा विचार मी पद्धतशीरपणे केला आणि बसून राहिलो.

पुढचे मी रिकाम्या सभागृहात, मोठ्या पडद्यावर पाहिले. मैदानात वधू आणि वर, मध्ये अंतरपाट नाही, दोघेही खाली पाहत उभे. मग दयानंद काही तरी बोलला आणि ती हसली. गुणाबाई त्या दोघांभोवती वाकून वाकून फिरत होत्या, जणू शेंगा वेचत होत्या. कर्ण्यातून त्यांचा आवाज आला. वायर आता कोण जाणे कशी पण ठणठणीत झाली होती!

"समद्यांचीच गेली! पर परत आल्याबिगर अक्षता न्हाई!"

गुरुजी घड्याळ पाहत, तापलेल्या जमिनीवर एकेक पाय आलटून पालटून उचलत होते. सगळे वऱ्हाड मैदानातल्या ध्वजाच्या खांबाभोवती कोंडाळे करून बसले. कोणी हलेना. पडद्यावर मला आधी काहीच दिसेना, आणि मग खांबाच्या पूर्वेला काळ्या दोऱ्यासारखे काही तरी उमटले. ते वाढले. पृथ्वी फिरते, हे मी सहावीत पाठ केले होते. त्या दिवशी ती मला फिरताना दिसली!

"आली! आली!" बाहेर एकच गलका झाला. डीजे सुरू झाला. घोडा उधळला आणि पुन्हा पकडला गेला.

"आता आत चला," शेषेराव म्हणत होते. "मंडपात फुलं हायत, कुलर हायत!"

"आत जाईस्तोवर मुहूर्त टळंल!" गुरुजी ओरडले, आणि उपरण्याचा अंतरपाट करून त्यांनी तिथेच, रणरणत्या उन्हात मंगलाष्टके सुरू केली. ती त्यांनी तापल्या पायांच्या गतीने म्हटली. नवरदेवाच्या मागे मामाने उभे राहायचे असते. माझ्या जागी रविकिरण उभा राहिला.

"शुभमंगल सावधान!"

मी मांडीवरचा डबा सांभाळत उठलो, तबकातल्या चार अक्षता घेतल्या आणि पडद्यावर टाकल्या.

पंगतीत गुणाबाई स्वतः जिलेबी घेऊन माझ्यासमोर आल्या. चेहरा उजळलेला, डोळे पाणावलेले.

"भाऊ, राग मानू नगा. काय ते दिसालालतं! मानूस उभा, आन् खाली काईच न्हाई! जणू आत्ताच जल्माला आलाव! म्या पासष्ट वर्सं त्या सूर्याखाली राबले, पर त्यानं कदी असं वरून बघितलं नव्हतं. देवाशप्पत, लई मोठं हाय ते!" मग त्या थबकल्या. "तुमी कुठं उभे होताव? दिसलाव न्हाई."

"तुमच्या खुर्चीवर होतो, आत्याबाई."

"आता गं माय! मंजी तुमी बघितलंच न्हाई?"

"नाही."

त्यांना माझी इतकी दया आली, की जिलेबीची परात खाली ठेवून त्या माझ्या पानासमोर फतकल मारून बसल्या.

"असू द्या. तुमाला ठावं नसंल, पर वर्सातून दोनदा येतंय ते. म्या सांगते नीट समजावून. ही जिलेबी मंजी पृथ्वी धरा..."

मी पदविकाधारक, निवृत्त शाखा अभियंता, साऱ्या पंगतीदेखत मान डोलावत "हो का? असे असते का?" म्हणत राहिलो. दुसरे काय करणार? पाहिले त्यांनी होते!