नाना टीव्ही बघायला जातात

आमच्या गल्लीतले नाना चौगुले कुठलीही वस्तू थेट विकत घेत नाहीत. आधी ती बघायला जातात. बघायला म्हणजे अगदी रीतसर. इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी, बरोबर एक वयस्कर माणूस आणि एक शिकलेलं माणूस. वयस्कर म्हणून शेजारचे मारुतीकाका. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे ते कशालाच हरकत घेत नाहीत. शिकलेलं माणूस म्हणून मी.

पंखा बघायला आम्ही असेच गेलो होतो. पंख्यासमोर खुर्च्या मांडून बसलो. नानांनी त्याला हळू, मग जोरात फिरवून बघितलं. त्याच्या घराण्याची चौकशी केली, म्हणजे कंपनी कुठली, याआधीचे पंखे कसे निघाले, कुणी परत आणून दिला होता का. दुकानदाराने मागवलेला चहा घेतला आणि उठताना म्हणाले, "कळवतो."

गंमत पुढेच आहे. नाना खरंच कळवतात. पंखा त्यांना पसंत पडला नव्हता. दुसऱ्या दिवशी भर उन्हात ते राजारामपुरीतल्या त्या दुकानात चालत गेले, दुकानदाराला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "पावणं, पंखा चांगला हाय. खोट काय न्हाय. पण आमच्याकडनं जमायचं न्हाय. उगा वाट बघत बसू नका." दुकानदार बघतच राहिला. 'कळवतो' सांगून गेलेलं गिऱ्हाईक फक्त 'नाही' म्हणायला परत आलेलं त्याने जन्मात पाहिलं नव्हतं.

नाना दूध संघात दूध तपासायचे. निवृत्त झाले तरी तपासणी थांबलेली नाही. सिनेमा असो, पुढाऱ्याचं भाषण असो की शेजारणीची नवी सून, नानांचा प्रश्न एकच, "फॅट किती?" माझा पहिला लेख छापून आला तेव्हा त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "पोरी, उकळी लई हाय. फॅट किती?"

आता मी वाढलेच चळवळीच्या पत्रकांच्या गठ्ठ्यांत. चहाचा ट्रे हातात देऊन मुलीला परक्यांसमोर उभं करण्याच्या प्रकाराविरुद्ध मी स्वतः पत्रकं लिहिलीत आणि बसस्टँडवर वाटलीत. त्यामुळे नानांचं हे 'बघायला जाणं' मला मुळीच पटत नव्हतं. एकदा मी सरळ विचारलं, "नाना, जी पद्धत मोडायची, ती पंख्यासाठी कशाला जपता?"

"पंख्याला काय वाटत न्हाय म्हणून," नाना म्हणाले. "माणसानं असलं काय करायचं ते पंख्यावर करावं."

हे वाक्य माझ्या कुठल्याही पत्रकापेक्षा चांगलं होतं, म्हणून मी विषय बदलला.

तर अशा नानांच्या घरात टीव्हीचा प्रश्न निघाला. काढला त्यांच्या मुलीने, सुमनताईने. ताई चाळिशी ओलांडलेली, हातकणंगल्याच्या शाळेत खेळ शिकवते आणि रविवारी आमच्या गल्लीतल्या मुलींना फुटबॉल. फुटबॉलचा विश्वचषक जवळ आला होता. आमच्याकडे तेव्हा सख्खे भाऊ ब्राझील आणि अर्जेंटिनावरून वाटण्या मागतात. चौकात मंडळाचा मोठा पडदा लागतो आणि त्याच्यापुढे सगळी पोरं. मुली गॅलरीत. पडदा दिसत नाही, ओरडा ऐकू येतो. गोल झाला हे कळतं, कुणाचा ते आत येऊन मोबाइलवर बघायचं.

"खेळायचं पोरींनी पण, आणि बघायचं नुसतं पोरांनी?" ताई म्हणाली. "आपल्या हॉलात लावूया मोठा पडदा. सगळ्या इथं बसतील."

राजारामपुरीतल्या एका शोरूममध्ये तसला एक टीव्ही सवलतीत होता. भिंतीपाशी एक बुटकी पेटी ठेवायची, तिच्यातून उजेडाचा झोत वर पडद्यावर पडतो आणि भिंतभर चित्र उमटतं. मी लगेच पाठिंबा जाहीर केला. हा टीव्ही नाही, मुलींचा हक्क आहे, असंही म्हणाले.

"हक्काला पण भिंत मोजायला लागती," नाना म्हणाले आणि इस्त्रीचा सदरा काढायला आत गेले.

शोरूममधल्या सावंत नावाच्या विक्रेत्याने आम्हाला मऊ कोचावर बसवलं, दिवे मालवले आणि पडद्यावर समुद्र सोडला. एवढा मोठा मासा अंगावर आल्यावर मारुतीकाकांनी पाय वर घेतले. नानांनी मात्र पडदा सोडून खाली पेटीकडेच बघितलं.

"एवढी सूट?" ते म्हणाले. "खोट काय हाय?"

"खोट काही नाही, नाना. शोरूमला मांडलेला आहे ना. लोक येतात, बसतात, वा वा करतात, चहा पितात. नुसतं बघून जातात. घरी कोण नेत नाही. म्हणून कमी केलाय."

नाना पुढे फॅट विचारतील, घराणं काढतील म्हणून मी वाट बघत होते. पण ते चहा तसाच ठेवून उठले. "कळवतो," म्हणाले, पण अगदी हळू.

आणि नानांनी कळवलं नाही.

दुसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यातही नाही. शेवटी सावंतच मला रस्त्यात भेटले आणि काळजीने विचारू लागले, "ते टोपीवाले बरे आहेत ना? 'नाही' म्हणायला तरी ते येतातच, सगळ्या बाजाराला ठाऊक आहे."

रविवारी सकाळी मी नानांकडे गेले. मारुतीकाका दाराशी पेपर वाचत होते. हॉलमध्ये ताई टेप घेऊन उभी होती आणि नाना खाली चटईवर बसले होते. त्यांच्या हॉलमध्ये सगळे चटईवरच बसतात, कारण सोफ्यावर बसायचं नसतं. लाल मखमलीचा सोफा, लाकडाला नक्षी, आणि दुकानातून आला तेव्हाचं प्लॅस्टिक अजून तसंच. मी लहानपणापासून तो तसाच बघतेय. सुमनताईला बघायला पहिल्यांदा पाहुणे येणार होते तेव्हा नानांनी तो आणला. नानांनी बघून न आणलेली ती एकच वस्तू. पाहुणे त्यावर बसले, पोहे खाल्ले, 'कळवतो' म्हणाले आणि गेले. त्यांच्यानंतर आणखी आले. तेही बसले, खाल्ले, 'कळवतो' म्हणाले. मग एक दिवस ताईनेच सांगितलं, आता पुरे.

"सोफा काढला की पेटी आणि पडदा बरोबर बसतोय," ताई टेप गुंडाळत म्हणाली. "अंगणात ठेवूया, न्हायतर देऊन टाकूया कुणाला तरी."

"ऱ्हाऊ दे की त्यो."

"कशाला, नाना?"

"पावणं आलं तर?"

"कुठलं पावणं?"

"चहा झाला काय?" मारुतीकाकांनी मोठ्याने विचारलं.

"त्यो सावंत म्हणाला," नाना चटईची काडी उपसत म्हणाले, "खोट काय न्हाय, लोक नुसतं बघून जात्यात."

ताईला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि ती मोठ्याने हसली. "म्हंजे मी आणि त्यो टीव्ही एकच व्हय? मग मला पण सूट लावायची की!"

नाना हसले नाहीत. "तुझ्यात काय कमी न्हवतं. कुणी एकानं तरी येऊन न्हाय म्हणून जायचं. मी काय भांडलो असतो? तू आतनं विचारायचीस, आला का फोन. आणि मी म्हणायचो, लाईन बंद हाय."

"लाईन चालू होती. मला ठाऊक होतं."

"कसं?"

"शेजारनं लावून बघितलंतं मी एकदा. मारुतीकाकांच्या घरातनं. पहिल्या रिंगलाच उचललासा तुम्ही. 'हॅलो, बोला पावणं, बोला' म्हणालासा. मग मला काय बोलता येईना. ठेवला."

नाना मान वर करून तिच्याकडे बघत राहिले.

"त्यो फोन तुझा व्हता?"

"व्हय."

"मला वाटलं त्यांचाच," नाना म्हणाले. "बोलायचा धीर झाला नसंल, म्हणून ठेवला. म्हटलं, एकदा लावलाय म्हंजे परत लावतील. न्हायतर येतील तरी."

ताई वडिलांच्या शेजारी चटईवर बसली, टेप त्यांच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "कोण येत न्हाय आता, नाना. पोरी येतील. बारा-पंधरा पोरी. लई दंगा करत्यात."

नाना गुडघ्यावर हात टेकून उठले, सोफ्याजवळ गेले आणि कोपऱ्यात बोट घालून प्लॅस्टिक ओढलं. इतक्या वर्षांचं कडक झालेलं प्लॅस्टिक, ते असं फाटलं की मारुतीकाकांनाही ऐकू गेलं. आतली मखमल अजून लालभडक होती.

"अंगणात न्हाय ठेवायचा," नाना म्हणाले. "पलीकडच्या भिंतीला सरकवा. पोरी काय चटईवर बसत्यात व्हय?"

मला एकदम हुरूप आला. "चला नाना, सदरा घाला. राजारामपुरीत जाऊन सावंतांना सांगून येऊ."

"न्हाय म्हणायचं असलं तर तोंडासमोर जायचं असतंय," नाना म्हणाले. "व्हय म्हणायला फोन चालतोय."

त्यांनी टोपी घातली, घसा साफ केला आणि नंबर लावला. पलीकडून पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"हॅलो, पावणं, चौगुले बोलतोय. कळवायला उशीर झाला, मनात काय ठेवू नका." नानांनी एकदा ताईकडे बघितलं. "आम्हाला पसंत हाय."