निरोगी असल्याची चिठ्ठी

हदगावच्या तहसील कचेरीतले कारकून अश्वजित वाघमारे शनिवारी सकाळी मुलगी बुद्धप्रिया हिला घेऊन लातूरच्या एका लॅबमध्ये उभे होते आणि काउंटरवरची देविका त्यांना परत पाठवत होती. लोकांना परत पाठवणं हेच वाघमाऱ्यांचं बावीस वर्षांचं काम, त्यामुळे त्यांना राग आला नाही. तिची पद्धत फक्त जरा कच्ची वाटली.

कालपर्यंत कोणीही यावं, नाकात काडी घालून घ्यावी आणि कोरोनाचा रिपोर्ट घेऊन जावं, असं होतं. आजपासून डॉक्टरांनी तपासून चिठ्ठी दिली तरच काडी. इकडे उद्या दहा वाजता बुद्धप्रियाच्या नीटच्या क्लासमध्ये टॉप बॅचची निवड चाचणी होती आणि निगेटिव्ह रिपोर्ट असेल त्यालाच हॉलमध्ये प्रवेश होता. टॉप बॅच हुकली तर लातुरात राहून काय उपयोग, असं ती दोन महिने म्हणत होती.

शेजारच्या दवाखान्यात डॉ. गुरुपादप्पांनी तिचा घसा पाहिला, ताप पाहिला, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावून पाहिला.

"हिला काही झालेलं नाही. चिठ्ठी कशाची देऊ?"

"काही झालं न्हाई, याचाच तर रिपोर्ट पायजे, साहेब."

"काही झालेलं असलं तरच तपासायला लिहून देता येतं."

वाघमाऱ्यांना नियम फार आवडला. आपल्या कचेरीत असा एखादा नियम कोणालाच कसा सुचला नाही, म्हणून ते क्षणभर खिन्नही झाले. मग बाहेर येऊन त्यांनी मुलीला थोडं खोकायला सांगितलं. ती म्हणाली, मला डॉक्टर व्हायचंय, खोटं खोकणार नाही.

"ठीक हाय. तू गप बस, मी खोकतो."

"तुम्ही खोकून काय होणार, पप्पा?"

"उत्पन्नाचा दाखला बापाच्या नावाचा चालतो. मग खोकला का न्हाई चालत?"

दुसऱ्या खेपेला ते असे खोकले की बाकावरचे दोन पेशंट उठून रस्त्यावर जाऊन बसले. डॉक्टरांनी लगेच चिठ्ठी दिली. त्यांचं अक्षर लातुरात एकट्या देविकालाच लागायचं. तिने वाचलं, "अश्वजित वाघमारे, वय चव्वेचाळीस."

तोवर डॉक्टर दवाखाना बंद करून उदगीरला लग्नाला गेले होते. बाकीच्या दवाखान्यांपुढे क्लासची पोरं गल्लीच्या टोकापर्यंत खोकत उभी होती. वाघमाऱ्यांनी विचार केला. फाइलला एखादा कागद जोडलेला असला की ती पुढे सरकते. कोणता कागद, हे नंतर बघतात. त्यांनी मास्क खाली ओढला आणि म्हणाले, "घाला काडी."

रविवारी सकाळी रिपोर्ट निगेटिव्ह आला. क्लासच्या गेटवर वॉचमन धोंडप्पाने तो वाचला, वाघमाऱ्यांना आत सोडलं आणि बुद्धप्रियाला अडवलं. तिने हॉलतिकीट घट्ट धरून ठेवलं होतं. दहाला दहा मिनिटं होती.

क्लासचे मालक भीमाशंकर सर आले. वाघमाऱ्यांनी त्यांना सगळं सांगितलं आणि वर म्हणाले, पोरगी परीक्षा दिल्याबिगर इथून हलणार न्हाई आन मीबी न्हाई. सरांनी नियम पुन्हा वाचला.

"नियम हॉलचा आहे. व्हरांड्याचा नाही. खिडकीतून पेपर देतो, बाहेर बसून लिहू दे. पण आत तिचा बाक रिकामा राहील आणि आज बॅनरसाठी फोटो काढायचाय. तिथं तुम्ही बसा."

बुद्धप्रिया व्हरांड्यात फरशीवर मांडी घालून लिहायला बसली आणि वाघमारे आत, दोनशे पोरांमध्ये. पेपर वाटणाऱ्याने बाक पाहिला, वय पाहिलं नाही. त्यांच्यापुढेही पेपर ठेवला. भूकंपाच्या साली ते दहावीला होते. त्यानंतर त्यांचा विज्ञानाशी संबंध आला नव्हता. पण समोर आलेल्या कागदावरचा रकाना कोरा सोडणं त्यांच्या नोकरीत बसत नव्हतं. त्यांनी नाव, मोबाइल नंबर लिहिला आणि एकशे ऐंशीच्या एकशे ऐंशी गोळे शांतपणे काळे केले.

बुधवारी निकाल लागला. बुद्धप्रिया अकरावी आली, टॉप बॅच पक्की झाली. वाघमाऱ्यांनी मुलीच्या रूमवर पेढे आणले. तेवढ्यात त्यांच्या मोबाइलवर क्लासमधून एका बाईंचा फोन आला.

"अश्वजित बोलतोय का? सातशे वीसपैकी पंचावन्न पडलेत तुला. निराश व्हायचं नाही, पाया चांगला आहे. एक वर्ष ड्रॉप घेतलास तर नक्की होईल. रिपीटर बॅच सोमवारपासून आहे. घरचं कोणी मोठं असेल तर फोन दे बरं."

वाघमाऱ्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि निमूटपणे फोन मुलीकडे दिला.

बुद्धप्रियाने सगळं ऐकून घेतलं. मग बापाकडे एकदा कडक नजरेनं पाहून ती म्हणाली, "यंदा न्हाई जमणार, मॅडम. पण मार्क कशात कमी पडले तेवढं सांगा. मी घेते करून त्याच्याकडून."