बिनफटीचं दार

एका जंगलात, जिथे वाघ अजून राजा होता पण बाजारपेठ साळिंदराच्या ताब्यात गेली होती, तिथे विश्राम नावाचा एक धनेश राहायचा. धनेश तुम्ही पाहिला असेल, मुलांनो. आधी चोच येते, मग थोड्या वेळाने पक्षी येतो. विश्राम स्वभावाने अगदी गरीब होता. फक्त लोक काय म्हणतील, याची त्याला फार काळजी.

त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. बायकोचं नाव रेवती. आता धनेशांच्यात एक रीत आहे. अंडी घालायची वेळ आली की बायको झाडाच्या ढोलीत जाऊन बसते आणि ढोलीचं तोंड चिखलाने लिंपून घेतात. पिल्लं मोठी होईपर्यंत तिने बाहेर यायचं नाही. साप, मुंगूस, नातेवाईक, कुणाचाच त्रास नाही.

शेजारच्या फांदीवर एक पोपटीण राहायची. ती एक दिवस सहज म्हणाली, "अय्या, तुम्ही अजून चिखलच लावता? आणि त्याला ती एवढी मोठी फट ठेवता! आमच्याकडे सगळं लाकडी आहे हो."

विश्रामला ते फार झोंबलं. त्या रात्री त्याला झोप लागली नाही.

"आपण लाकडी दार करायचं," तो सकाळी रेवतीला म्हणाला. "फळीत फळी अडकलेली. मुंगीसुद्धा आत शिरता कामा नये."

"अहो, चिखल आणा आणि मोकळे व्हा," रेवती म्हणाली. "माझे दिवस भरत आलेत."

"तुला मेली हौसच नाही," विश्राम म्हणाला आणि उडाला.

आता फळीत फळी अडकवायची म्हणजे राऊटर हवा. राऊटर म्हणजे लाकडाची कड कोरणारं गरगर फिरणारं यंत्र. त्याच्या तोंडात जे छोटं पातं बसवतात, त्याला म्हणायचं बिट. एका बिटाने एका फळीला खाच पडते. दुसऱ्या बिटाने दुसऱ्या फळीला जीभ निघते. जीभ खाचेत गेली की फळ्या एकमेकींना सोडत नाहीत. पण त्यासाठी दोन्ही बिट एकमेकांच्या जोडीचे लागतात. इथेच सगळी गोम आहे.

राऊटर सुतारपक्ष्याने उसना दिला. हल्ली तो चोचीने काम करत नाही, मान धरते म्हणतो. बिट मात्र दिले नाहीत. "बिट आणि कंगवा मी कुणाला देत नसतो," तो तुरा सावरत म्हणाला.

विश्राम साळिंदरशेठच्या दुकानात गेला.

"खाचेचा आहे," साळिंदर म्हणाला. "जिभेचा संपला."

"पण दोन्ही बरोबरच लागतात ना?"

"लागतात."

"मग दोन्ही बरोबर का ठेवत नाही?"

"दोन्ही एकदम दिले तर तुम्ही परत कशाला याल?" साळिंदर प्रेमाने म्हणाला. विश्रामला हे पटलं. चांगल्या माणसांना काहीही पटतं.

जिभेचा बिट ओढ्यापलीकडे तरसाकडे मिळाला.

"जुळेल ना हो?" विश्रामने विचारलं.

"जुळवून घ्यायचं असतं," तरस म्हणाला. "आमचं नाही का जुळलं?" तेवढ्यात आतून तरशिणीने भांडं आपटल्याचा आवाज आला.

घरी येऊन बघतो तर खाच रुंद आणि जीभ बारीक. फळ्या खुळखुळत होत्या. मधून चांगला उजेड दिसत होता. साळिंदर म्हणाला, तरसाचा माल खोटा. तरस म्हणाला, साळिंदराची खाच सैल. शेवटी विश्राम दोन्ही बिट घेऊन घुबड जोशांकडे गेला. जोशांनी दोन्ही बिटांच्या पत्रिका मांडल्या, डोळे मिटले आणि एकनाड निघाली म्हणून सांगितलं. हसू नका. तुमच्या घरातही असंच जुळवतात.

इकडे रेवतीला थांबणं शक्य नव्हतं. ती ढोलीत जाऊन बसली. धनेशिणीची पिसं बाळंतपणात झडतात, तशी तिची झडायलाही लागली. आता तिला उडता येणार नव्हतं.

"दार आणा, नाहीतर चिखल आणा," ती आतून म्हणाली. "पण काहीतरी आणा. ओढ्यापाशी धामण फिरतेय."

अडला हरी गाढवाचे पाय धरतो. विश्रामने साळिंदराचे धरले, तेही काटे सांभाळून. साळिंदराने त्याच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं, आतल्या खोलीत गेला आणि एका डबीतून अस्सल जोडी घेऊन आला. ती पहिल्या दिवसापासून तिथेच होती.

काय दार झालं म्हणून सांगू! जीभ खाचेत अशी बसली की सांधा बोटाला लागेना. विश्रामने ते ढोलीला ठोकून बसवलं. पोपटिणीने चारी बाजूंनी पाहिलं आणि तिला नावं ठेवायला काही सापडेना. विश्रामचा ऊर भरून आला. तो बायकोसाठी पिकलेलं उंबर आणायला गेला.

उंबर चोचीत धरून तो दारापाशी आला आणि थांबला.

त्याने उजवीकडून पाहिलं. डावीकडून पाहिलं. उंबर आत द्यायचं कुठून?

मुलांनो, चिखलातल्या अशाच फटीतून बापाने त्याला लहानपणी उंबरं भरवली होती. पण खाताना फटीकडे कोण बघतो?

"अहो," आतून बारीक आवाज आला, "मला भूक लागलीय."

विश्रामने फळी ओढली. फळ्यांनी एकमेकींना सोडलं नाही. जोडी अस्सल होती. तो साळिंदराकडे धावला.

"उघडायचा बिट आहे का?"

"मागवावा लागेल," साळिंदर म्हणाला.

विश्राम परत आला. आता आतून आवाजही येत नव्हता. मग त्याने लोक काय म्हणतील याचा विचार आयुष्यात पहिल्यांदा सोडला आणि दारावर चोच आपटायला सुरुवात केली. रडत होता आणि आपटत होता. चोचीचं टोक उडालं. पोपटीण बघत होती. तिच्याकडे त्याने वळूनही पाहिलं नाही. शेवटी एक ढलपी निघाली आणि दाराला वेडंवाकडं भगदाड पडलं.

आतून रेवतीची चोच बाहेर आली. तिने उंबर घेतलं. खाल्लं. अजून मागितलं. तेही खाल्लं.

"छान झालंय दार," मग ती म्हणाली. "आता त्याला हात लावलात तर बघा."

दुसऱ्या दिवशी पोपटिणीने सगळ्या रानात सांगितलं, "धनेशांकडे फटीचं दार आलंय. काय हवेशीर आहे म्हणून सांगू! आमचं मेलं जुन्या पद्धतीचं."

आठवडाभरात साळिंदराच्या दुकानावर पाटी लागली: 'फटीचे बिट मिळतील.' उजव्या फटीचा साळिंदराकडे मिळतो. डाव्या फटीचा तरसाकडे.

तात्पर्य: घरात एखादी खोट असावीच लागते. पण ती बापजाद्यांकडून फुकट घेऊ नये. चांगल्या दुकानातून, जोडी पारखून, विकत आणावी.