बन्सीतात्यांना सरळ रांग चालत नाही

आमच्या गावात सकाळी कुणी भेटलं की 'राम राम' म्हणायची पद्धत आहे. बन्सीतात्या ती पाळत नाहीत. ते समोर येऊन उभे राहतात, पटका मागे सरकवतात आणि दरडावतात, "आज काय बघितलं?" तुम्ही 'काही नाही' म्हणालात की संपलात. "डोळे भाड्यानं दिलेत का बे?" इथून जी सुरुवात होते, ती तुमच्या वडिलांनी तुम्हाला शाळेत घालून किती मोठी चूक केली इथपर्यंत जाते. वडवणीच्या एसटीवर आलेला नवा कंडक्टर पहिल्या दिवशी खाली उतरायलाच तयार नव्हता. त्याला वाटलं, गावात मारामारी चालू आहे.

मारामारी नव्हती. तात्या पारावरच्या म्हाताऱ्यांना कावळ्याच्या चोचीतली काडी दाखवत होते.

मी इथल्या दूध संस्थेचा सेक्रेटरी. माणूस कमी बोलणारा. कमी बोलणाऱ्याला लोक शहाणा समजतात, म्हणून मी ती सवय कधी मोडली नाही. आज मात्र बोलणार आहे, कारण न बोलून पोटात नुसती आग साठली आहे.

त्या उन्हाळ्यात चारा संपला, जनावरं छावणीवर गेली आणि संस्थेत दुधापेक्षा माश्या जास्त येऊ लागल्या. गावातले हातपाय चालणारे सगळे ऊसतोडीला गेलेले. तात्यांचा मुलगा-सूनही गेलेली. मागे उरलो आम्ही, म्हातारेकोतारे आणि रिकामे कॅन. अशात कुणी रोज विचारू लागला, आज काय बघितलं, तर डोकं फिरणारच. एकदा सुटका करून घ्यायला मी ठोकून दिलं, "नदीकडच्या तारेवर पोपट बघितला."

तात्या भर उन्हात नदीपर्यंत गेले. परत आले ते घामानं निथळत आणि तोंडानं पेटलेले.

"पोपट न्हाई तिथं. पतंगाची शेपटी अडकली हाय. वारं आलं की नाचती. ती तुला दिसली न्हाई आन् नसलेला पोपट दिसला. कावून खोटं बोलतो बे?"

मग मला दंडाला धरून नेलं. मी त्या तारेखाली दात-ओठ खात उभा राहिलो. खरं सांगायचं तर शेपटी नाचत होती. पण तसं मी कबूल केलं नाही.

आता रांगेचं सांगतो. टँकर कधी येईल हे आमच्याकडे टँकरवाल्यालाही ठाऊक नसतं. म्हणून माणसांच्या आधी भांडी रांगेत लागतात. संस्थेपुढच्या मोकळ्या जागेत स्टीलचे हंडे, पितळेच्या घागरी, तेलाचे पिवळे डबे, निळे ड्रम असे एकामागे एक ठेवायचे. भांडं ठेवलं की नंबर लागला. दुसऱ्याच्या भांड्याला हात लावायचा नाही. लावला तर जे भांडण होतं ते पुढच्या पिढीतल्या सोयरिकी मोडतं. घरची कामं उरकली की बाया येतात आणि आपापल्या भांड्याशेजारी बसून राहतात. तासन् तास.

एका सकाळी तात्यांनी टाचेनं धुळीत एक वळणाची रेघ ओढली आणि गोदाबाईला म्हणाले, हंडा हितं ठेव. गोदाबाईचा नंबर कायम पहिला, आणि जीभही. तिनं उन्हानं माणसाचं काय काय होतं याची उदाहरणं नावानिशी दिली.

तात्या ओरडले, "तुझा नंबर पयलाच राहील. म्होरचा म्होरं, मागचा मागं. रांग मोडत न्हाई मी, वळवतोय."

त्यांनी एकाही भांड्याला हात लावला नाही. नुसते टाच घासत आणि शिव्या घालत पुढे गेले. बाया कुरकुरत मागून आपापली भांडी ठेवत गेल्या. शेवटची घागर लागल्यावर सगळ्यांना आमच्या संस्थेच्या स्लॅबवर चढायला लावलं. ज्यांचे गुडघे दुखत होते त्यांनाही. वरून बघितलं तर खाली वेटोळं घालून नाग बसलेला. उन्हात चकचकत होता.

"अगं बया, माझा हंडा नागाचं तोंड झालाय की," असं म्हणत गोदाबाई इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. त्या उन्हाळ्यात गावात कुणी तसं हसल्याचं मला आठवत नाही.

मग रोजच सुरू झालं. काय करायचं ते बायाच ठरवू लागल्या. चकली झाली, मासा झाला, एकदा तर एसटी झाली. मोर ठरला त्या दिवशी एक बाई निळा ड्रम घेऊन बाजूला उभीच राहिली. पिसाऱ्यातल्या डोळ्याची जागा येईपर्यंत तिनं आपल्या पुढे माणसं जाऊ दिली. टंचाईच्या गावात पाण्याचा नंबर सोडला, डोळा निळा व्हावा म्हणून. मी स्वतः बघितलं. टँकरचा ड्रायव्हर आधी स्लॅबवर चढायचा आणि मग पाइप सोडायचा.

तात्यांनी कुणाचं कौतुक केलं नाही. घागर वीतभर सरकली तरी ते वस्सकन अंगावर जात. आकार कुठलाही असो, रांगेचं शेपूट आत वळवून घ्यायचा त्यांचा हट्ट होता. सगळ्या बाया एकमेकींच्या समोर आल्या पाहिजेत. का, ते विचारायचं मला सुचलं नाही.

संस्थेच्या चेअरमनला हे कळलं तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं. जमीनदार माणूस, आवाज मऊ. म्हणाले, उद्या तहसीलचे साहेब येणार आहेत टंचाई बघायला. टँकरची दुसरी खेप मंजूर करून घ्यायची आहे. दुष्काळ दिसला पाहिजे, सेक्रेटरी. मोर बघून कोण खेप वाढवून देईल? लांब, सरळ रांग पाहिजे. फोटोत मावणार नाही अशी.

मला सगळ्यात जास्त राग याचा आला की त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मी 'जी' म्हणालो. आजवरची माझी सगळी नोकरी त्या एका अक्षरात मावते.

सकाळी मी चुन्याची फक्की घेऊन संस्थेच्या पायरीपासून रस्त्यापर्यंत पांढरी रेघ मारली. दोरी लावून, अगदी सरळ. बाया मुकाट्यानं भांडी ठेवू लागल्या. तात्या आले, रेघ बघितली आणि ओरडलेच नाहीत. तेच अंगावर आलं.

"सरळ रांगेत काय दिसतं बे? म्होरच्याची पाठ. तुला बसवू का दिवसभर पाठ बघत?"

माझा संयम सुटला. म्हणालो, "तात्या, पाणी पाहिजे का मोर पाहिजे?"

"दोन्ही मागितलं तर पाप हाय का?"

एवढं बोलून ते निघून गेले. मी फक्की झटकली. हाताची काही निघेना.

साहेब आले. गाडीची काच खाली करून रांगेचा फोटो काढला, चेअरमनच्या घरी चहा घेतला, खेपेचं बघू म्हणाले आणि गेले. सगळं अर्ध्या तासात उरकलं. बाया मात्र बसल्या होत्या, एकीमागे एक, प्रत्येकीच्या डोळ्यापुढे दुसरीचा पदर. बोलायचं तर मान मोडून मागे वळावं लागे. म्हणून कुणी बोलतही नव्हतं.

दुपारी संस्थेत फोन आला. टँकर तेलगावच्या अलीकडे बंद पडलाय, संध्याकाळशिवाय येत नाही. मी रस्त्याच्या टोकाला जाऊन गोदाबाईला सांगितलं. तिनं मागचीला सांगितलं, तिनं तिच्या मागचीला. बाया पदर झटकून उठल्या, टँकरच्या नावानं बोटं मोडली आणि भांडी तिथंच ठेवून सावलीला पांगल्या. मी स्लॅबवर गेलो, का कोण जाणे. बघायची सवय लागली होती.

रांगेत एकच बाई उरली होती. तात्यांची बायको, सारूकाकू.

काकूंना एका मोठ्या तापानंतर ऐकू येईनासं झालंय. जन्माच्या बहिऱ्या नाहीत, बोलता येतं. समोर चेहरा असला की त्यांना ओठांवरून सगळं कळतं. पण जिला ऐकू येत नाही तिला सांगायचं कशाला, असं गावानं कधीच ठरवून टाकलंय. त्या गावात मीही येतो. पुढच्या बाईनं काकूंच्या डोक्यावरून मागचीला निरोप दिला होता, आणि दोघी निघून गेल्या होत्या. काकू हंड्यावर हात ठेवून उन्हात तशाच बसल्या होत्या. सगळ्या कुठं गेल्या, याचा विचार करत असतील. इकडे-तिकडे बघत होत्या, पण कुणाला विचारायला उठल्या नाहीत.

चकलीच्या दिवशी, मोराच्या दिवशी काकू कुठं होत्या ते मला तेव्हा आठवलं. मधोमध. सगळ्या चेहऱ्यांच्या समोर. गोदाबाई हसली की त्याही हसायच्या. मला वाटायचं, बघून हसतात. त्या ऐकत होत्या.

मला सगळ्यांचाच राग आला. चेअरमनचा, साहेबाच्या काचेचा, पांगलेल्या बायांचा. आणि त्या पांढऱ्या सरळ रेघेचा, जी दोरी लावून मीच मारली होती. मी स्लॅबच्या कडेला जाऊन हाक मारायला तोंड उघडलं. बहिऱ्या बाईला. वरून. इतका मी हुशार.

जिन्याकडे वळेपर्यंत टँकरची बातमी ऐकून तात्या आले होते. कुणाचं भांडं न हलवता ते काकूंच्या समोर, रस्त्याकडे पाठ करून, फक्कीवरच मांडी घालून बसले. धोतराला चुना लागला. ज्या माणसाचा आवाज नदीपलीकडे जातो, त्यानं आवाज न काढता बोलायला सुरुवात केली. नुसते ओठ आणि हात. टँकर कसा धक्के खात थांबला, ड्रायव्हरनं कपाळाला हात कसा लावला, मग चाकाला लाथ कशी घातली, सगळं. ड्रायव्हर करताना त्यांनी मिशीसुद्धा पिळली. घाईनं नाही, चिडून नाही. काकू तोंडाकडे टक लावून बघत होत्या.

मग काकू बोलल्या. त्यांचा आवाज मी कितीतरी वर्षांनी ऐकला. त्यांना तो ऐकू येत नसल्यामुळे जरा मोठाच निघाला, थेट स्लॅबपर्यंत.

"एवढंच ना, अवो? मग बसू की जरा."