साठ घरं आणि एक होडी

एका सकाळीत अख्खी गल्ली गाड्यांनी भरून दाखवायची असेल, तर मला बोलवा! मी ते करून दाखवलंय.

आमच्या गल्लीच्या तोंडाशीच स्टेशन. त्याच्यासमोर साठ घरांची इमारत येणार होती, आणि पार्किंग? एकही नाही! स्टेशन दारात असलं की पार्किंग बांधलं नाही तरी चालतं म्हणे.

"म्हणजे साठ गाड्या आपल्या दारात!" शेजारचा म्हातारा वेन्डल गरजला. रस्त्यावर जागा उरते का, हे बघायला गुरुवारी पालिकेचे एक अधिकारी येणार होते; जागा नसेल तर इमारत अडणार होती.

"येऊ देत की! जागा दिसलीच नाही तर?" मी म्हटलं.

खरा घोर वेगळाच होता. माझ्या दीड वर्षाच्या ओटिसला सांभाळणाऱ्या युफेमियामावशी दोन बस बदलून यायच्या. "गुडघे संपले गं पोरी. महिनाअखेरीला फ्रेस्नोला बहिणीकडे जाते," असं त्यांनी सांगून टाकलं होतं. त्या गेल्या की माझं काम, झोप, आंघोळ, सगळंच गेलं! पण गुडघ्यांवर माझ्याकडे उपाय नव्हता. इमारतीवर होता.

गुरुवारी गल्ली बरणीत दाबलेल्या लोणच्यासारखी भरली. माझ्या गाडीपुढे वेन्डलचा बॅटरी मेलेला ट्रक, सगळ्यांनी ढकलत आणलेला. मागे त्याच्या मेहुण्याची होडी, ट्रेलरसकट! टकलू अधिकारी आले, फोटो काढून गेले. जिंकले मी!

तेवढ्यात मावशी ओरडल्या, "अगं, ह्याने नाकात घेवड्याचा दाणा घातला!"

दवाखाना दोन स्टेशनं पलीकडे. मी किल्ली घेऊन धावले.

"वेन्डल, ट्रक काढा!"

"ढकलणारे सगळे कामाला गेले."

"मग होडी!"

"ट्रेलरला कुलूप आहे. किल्ली मेहुण्याकडे, आणि तो गेलाय मासे धरायला."

"होडी इथे ठेवून?"

"काठावरून धरतो!"

मावशींनी ओटिसला खांद्यावर टाकलं. "भांडत काय बसलीस? चल!" आणि त्याच गुडघ्यांनी अशा धावल्या की मीच मागे! दारं मिटता मिटता आम्ही ट्रेनमध्ये शिरलो. ओटिसला सणसणीत शिंक आली आणि घेवडा थेट समोरच्या माणसाच्या मांडीवर. टकलू अधिकारी!

"तुम्ही ट्रेनने?" मी चाचरले.

"तुमच्या गल्लीत जागा कुठे होती?"

मावशी ओटिसचे पापे घेत हसत होत्या, रडत होत्या. "स्टेशनसमोरच्या त्या इमारतीत नाव घातलंय मी. माझ्याकडे कुठली आलीय गाडी! ती होणार असेल, तर तोवर सोसेन दोन बस."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगणार होते. तू होडी आणायला गेली होतीस."

मी वळले. "साहेब, त्या गाड्या गोळा करून आणल्यात! खोटी गर्दी आहे!"

"होडी बघितली तेव्हाच वाटलं होतं," ते घेवडा झटकत म्हणाले.

इमारत झाली. मावशी तिसऱ्या मजल्यावर राहतात. ओटिस आत्ता त्यांच्याच कुशीत झोपलाय, म्हणून तर चार ओळी लिहितेय. हे ऋण फिटायचं नाही, आणि मला ते फेडायचंही नाही.

माझी गाडी? तिथेच आहे. वेन्डलचा मेहुणा अजून मासे धरून आलेला नाही.